इतिहासाच्या पुस्तकाला शेवटचं पान नसतं

गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या गावच्या वाचनालयात एक वेगळाच वाचक येऊ लागला आहे. त्याला पुस्तक नको असतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेली एक नक्कल तो टेबलावर पसरतो आणि म्हणतो, "बाई, हे काय लिहून हाय, थोडं वाचून द्या न." २०२३ च्या शेवटी राज्यभर जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, मोडी वाचता येणाऱ्यांची एकदम मागणी आली, तेव्हापासून अशी माणसं जास्त येतात. तसे हे कागद आमच्याकडे आधीपासूनच फिरत होते. जात पडताळणीला जुना पुरावा लागतो: अनुसूचित जमातींना १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचा.

या पावसाळ्यात असाच एक बारावी झालेला पोरगा आला. काटोलकडचा, घरी थोडी संत्र्याची झाडं, बाकी कपाशी. त्याच्याकडे कोतवाल बुकाची नक्कल होती. कोतवाल बुक म्हणजे पूर्वीच्या मध्यप्रांतात गावोगावच्या जन्म-मृत्यूची नोंद ठेवणारं बुक. साल १९३८. "तुका वल्द गणू, जात कुणबी, मुलगा झाला." बस, एवढंच. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. आडनाव नाही. जन्मलेल्या पोराचं नावही नाही, कारण नोंद बारशाच्या आधीच व्हायची. या पोराच्या पणजोबाचं नाव तुका, त्यांच्या बापाचं गणू, हे घरात सगळ्यांना पाठ. पण त्या काळी गावात तुका काही एकच नव्हता.

"हा तुका आमचाच, हे कशावरून सांगू?" त्यानं विचारलं.

तो बसला होता त्याच्या मागच्या कपाटात आमच्या वाचनालयातली सर्वांत जास्त झिजलेली पुस्तकं आहेत, रहस्यकथांची. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांतल्या कितीतरी या भागातल्या लोकांनी कंदिलाच्या उजेडात वाचल्या. त्या प्रत्येक पुस्तकात कुणीतरी हाच प्रश्न विचारतो: हे कशावरून? मला वाटतं इतिहास आणि रहस्यकथा यांचं नातं कळायला या दोन शब्दांपासूनच सुरुवात करावी.

माग काढणं

संध्याकाळी गुरं परत आली आणि एक गाय कमी भरली, तर गुराखी काय करतो? पांदणीच्या चिखलात खुरांचे ठसे बघतो. शेण ओलं आहे की वरून सुकलंय ते बघतो. कुणाच्या धुऱ्यावरचं गवत एकाच बाजूला वाकलंय, कुठे तुरीचे शेंडे खाल्लेत, हे बघत जातो. त्यानं गाय जाताना पाहिलेली नाही. तरी तास-दीड तासात तो सांगतो, ती नाल्याच्या पलीकडे गेली आणि तिच्यासोबत अजून एक जनावर होतं.

कार्लो गिन्झबर्ग या इटालियन इतिहासकारानं १९७९ मध्ये एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं की इतिहासकार, वैद्य आणि गोष्टीतला गुप्तहेर हे तिघंही या माग काढणाऱ्याच्याच घराण्यातले. न पाहिलेली गोष्ट ते बारक्या खुणांवरून ओळखतात. त्यानं एका चित्रपारख्याचं उदाहरण दिलं आहे. चित्र कुणी काढलं हे ओळखायला तो चेहऱ्याकडे बघत नसे, कारण चेहरा नक्कल करणाराही मन लावून काढतो. तो कानाच्या पाळ्या आणि बोटांची नखं बघायचा. तिथे हात नकळत आपल्या सवयीनं चालतो.

जुन्या कागदांचंही तसंच आहे. कागद जे मुद्दाम सांगतो त्यापेक्षा तो नकळत जे सांगून जातो ते जास्त भरवशाचं. एखाद्या खरेदीखतात विकणारा आपली जमीन कशी निर्वेध आहे हे चार ओळींत सांगतो. पण त्याच कागदात चतुःसीमा सांगताना "पूर्वेस अमक्याचं वावर" असं सहज लिहिलेलं असतं. ते लिहिताना कुणाला काही सिद्ध करायचं नव्हतं, म्हणून ते कामाचं.

मागही फसवतो, हे इथेच सांगायला हवं. आपल्याकडे वाघांची मोजणी बरीच वर्षं पंजाच्या ठशांवरून व्हायची. राजस्थानातल्या सरिस्का अभयारण्यात कागदावर वाघ होते आणि २००४-०५ मध्ये कळलं की जंगलात एकही उरलेला नाही. त्यानंतर ती पद्धत मागे पडून कॅमेरे आले. ठसा खोटं बोलत नाही असं आपण म्हणतो, पण ठसा वाचणाऱ्याला वाघ हवा असेल तर त्याला वाघ दिसतो. जुन्या कागदात आपलंच घराणं शोधणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं.

दोघंही एकाच शतकातले

हे नातं नुसतं उपमेपुरतं नाही, काळानंही दोघं जवळचे आहेत. लिओपोल्ड फॉन रांके या जर्मन इतिहासकारानं १८२४ पासून एक आग्रह धरला. नंतरच्या लोकांनी काय लिहिलं ते पुरे, त्या काळचा मूळ कागद दाखवा. १८४१ मध्ये एडगर ॲलन पो यानं अमेरिकेत ती कथा छापली जिला बहुतेक जण पहिली गुप्तहेरकथा मानतात. पुढच्याच वर्षी लंडनच्या पोलिसांत गुन्हे शोधणारी वेगळी शाखा निघाली. बोटांच्या ठशांची कचेरी १८९७ मध्ये कलकत्त्यात सुरू झाली. आणि १८९८ मध्ये वि. का. राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला. गावोगाव फिरून, लोकांच्या माळ्यावरची दफ्तरं सोडून, त्यांनी असे बावीस खंड पुढे आणले. त्याआधी लोक काय सांगतात त्यावर बरंच चालायचं. या शतकात माणसाच्या शब्दापेक्षा वस्तूला आणि कागदाला जास्त विचारायची सवय लागली, न्यायालयातही, इतिहासातही आणि करमणुकीच्या पुस्तकातही.

साक्षीदार खोटं बोलला तर?

आमच्या गावातले कितीतरी म्हातारे १ जुलैला जन्मलेले आहेत. शाळेत नाव घालायला नेलं, तारीख कुणाला ठाऊक नव्हती, गुरुजींनी अंदाजानं वर्ष धरलं आणि तारीख लिहून टाकली. म्हणजे शाळेचा दाखला खोटा आहे का? जन्मतारखेबद्दल तो भरवशाचा नाही. पण हा मुलगा त्या गावात होता, शाळेत आला, बापाचं नाव काय सांगितलं, जात काय लिहिली, याबद्दल तो पक्का साक्षीदार आहे. एकाच कागदातलं एक वाक्य चुकीचं आणि दुसरं बरोबर असू शकतं.

हा मुद्दा आर. जी. कॉलिंगवूड या इंग्लिश तत्त्वज्ञानं फार छान मांडला आहे. त्यानं स्वतः रोमन काळातल्या अवशेषांवर वर्षानुवर्षं काम केलं होतं. त्याच्या मृत्यूनंतर १९४६ मध्ये त्याचं इतिहासाविषयीचं पुस्तक निघालं, आणि त्यात भर तत्त्वचर्चेत त्यानं एका खुनाची गोष्ट घातली आहे. एक माणूस आपल्या टेबलावर मरून पडलाय, पाठीत खंजीर. शेजारची म्हातारी येऊन सांगते, मी मारलं. मग पाद्र्याची मुलगी येते आणि सांगते, मी मारलं. इन्स्पेक्टर जेन्किन्स दोघींचंही खरं धरत नाही. त्याला विचारायचं असतं ते वेगळंच: ही मुलगी असं का सांगते आहे? ती कुणाला वाचवते आहे? तिचं विधान खोटं आहे, पण ते केलं गेलं ही गोष्ट खरी आहे, आणि त्या गोष्टीतूनच त्याला वाट सापडते.

जुन्या ग्रंथांतली वाक्यं कापून एकापुढे एक चिकटवत जाण्याला कॉलिंगवूड कात्री-गोंदाचा इतिहास म्हणतो. आज मोबाइलवर फिरणारा इतिहास बहुतेक या जातीचा असतो. तमक्या बखरीत असं लिहिलंय, म्हणून असं झालं, विषय संपला. बखर म्हणजे घडून गेल्यावर, बऱ्याचदा दोन-तीन पिढ्यांनी, कुणाच्या तरी सांगण्यावरून लिहिलेली हकीकत. ती फेकायची नाही. तिला विचारायचं, तू कधी लिहिलीस, कुणासाठी लिहिलीस आणि तुला हे कुणी सांगितलं?

शिवाजी महाराजांच्या जन्मतारखेची गोष्ट घ्या. बखरींच्या आधारानं शके १५४९, म्हणजे इसवी सन १६२७, हे वर्ष चालत होतं. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे घराण्याची शकावली प्रसिद्ध केली. शकावली म्हणजे शकवार केलेली तारखांची कोरडी यादी. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद होती. एका यादीनं काय होतं? पण महाराजांच्याच काळात लिहिलेल्या परमानंदांच्या संस्कृत काव्यातही तीच तिथी मिळाली. आणि पुढे राजस्थानात जोधपूरच्या एका जुन्या संग्रहातली कुंडलीही त्याच बाजूनं आली. भोरजवळचे देशमुख, दरबारातला कवी आणि दूर राजपुतान्यातला ज्योतिषी, या तिघांनी एकमेकांना विचारून साक्ष दिलेली नाही. म्हणून आज आपण १९ फेब्रुवारी १६३० म्हणतो. रहस्यकथेत ठाणेदार साक्षीदारांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवतो, तो याचसाठी.

नागपूरच्या वाड्यातलं मरण

आता आपल्या घरचीच एक गोष्ट. तिच्यावर एखादी कादंबरी का लिहिली जात नाही याचं मला नेहमी वाईट वाटतं.

मार्च १८१६ मध्ये नागपूरचे दुसरे रघुजी भोसले वारले. गादीवर मुलगा परसोजी आला, पण तो प्रकृतीनं अधू, राज्य चालवण्याच्या स्थितीत नव्हता. कारभार चुलतभाऊ मुधोजीकडे, म्हणजे आप्पासाहेबांकडे आला. त्यांनी मे १८१६ मध्ये इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार केला. १ फेब्रुवारी १८१७ ला परसोजी आपल्या बिछान्यात मेलेला आढळला. आप्पासाहेब त्या वेळी नागपुरात नव्हते, चांद्याला गेले होते, आताचं चंद्रपूर. मृत्यू नैसर्गिक धरला गेला आणि आप्पासाहेब राजे झाले. इंग्रज रेसिडेंटनं, म्हणजे नागपूर दरबारातल्या कंपनीच्या प्रतिनिधीनं, त्यांना मान्यता दिली.

पुढे नोव्हेंबर उजाडला. पुण्यात पेशवा इंग्रजांवर उठला होता. २६ आणि २७ नोव्हेंबरला सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांची फौज आणि इंग्रज यांची लढाई झाली, इंग्रज टिकले. मार्च १८१८ मध्ये आप्पासाहेबांना कैद केलं. आणि आता, एक वर्ष उलटून गेल्यावर, परसोजीचा खून आप्पासाहेबांनी करवला हा आरोप ठळकपणे पुढे आला. त्यांना अलाहाबादकडे नेत असताना मे महिन्यात शिपायाच्या वेषात ते निसटले, पचमढीच्या महादेव डोंगरात गोंडांच्या आश्रयाला राहिले, पुढे भटकत भटकत १८४० मध्ये जोधपूरला वारले.

रहस्यकथा वाचणाऱ्याच्या मनात इथे किती प्रश्न उठतात बघा. फायदा कुणाचा झाला? आप्पासाहेबांचा, उघड आहे. ते त्या दिवशी कुठे होते? लांब, चांद्याला. रहस्यकथेचा सराईत वाचक इतक्या सोयीच्या गैरहजेरीवरच आधी संशय घेईल. पण इतिहासाचा वाचक तिथे थांबत नाही. तो विचारतो, हा आरोप आपल्यापर्यंत कुणाच्या कागदांतून आला? बराचसा इंग्रजांच्या. आरोप कधी जोरात झाला? आप्पासाहेब मित्र होते तेव्हा नाही, शत्रू ठरल्यावर. म्हणजे खुनाचा फायदा आप्पासाहेबांना झाला आणि खुनाच्या आरोपाचा फायदा कंपनीला. पुढे गादीवर लहान मुलगा बसला आणि १८२६ पर्यंत राज्याचा कारभार रेसिडेंटच्याच हाती होता.

यावरून आप्पासाहेब निर्दोष ठरत नाहीत. आरोप करणाऱ्याचा स्वार्थ दिसला की आरोप खोटाच, ही घाई आपल्याकडे फार होते. पाद्र्याच्या मुलीचं विधान जसं तपासलं तसंच रेसिडेंटचंही तपासायचं: तो असं म्हणतो, याच वेळी म्हणतो, हे का?

आणि हा रेसिडेंट कोण, तर रिचर्ड जेन्किन्स. कॉलिंगवूडच्या गोष्टीतल्या इन्स्पेक्टरचंही नाव तेच, निव्वळ योगायोग. पण नागपूरच्या जेन्किन्सनं तपासणारा, फिर्यादी आणि लाभार्थी या तिन्ही भूमिका एकट्यानं केल्या. त्याचाच १८२७ चा नागपूर राज्यावरचा अहवाल आजही या भागाचा इतिहास लिहिणाऱ्याला टाळता येत नाही. शेती, जाती, बाजार, सगळं त्यात आहे. बाजारभावाबद्दल त्याची साक्ष चालेल आणि परसोजीबद्दल तीच तपासून घ्यावी लागेल.

ध चा मा

एक खून आपल्या भाषेतच जाऊन बसला आहे. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून रघुनाथरावांना दोषी धरलं. पण लोकांच्या तोंडी राहिलं ते आनंदीबाईंचं नाव, "धरावे"चं "मारावे" केलं म्हणून. आता "ध चा मा करणे" हा वाक्प्रचार आहे, आणि वाक्प्रचाराला कुणी पुरावा मागत नाही. एका बाईवरचा आरोप अडीचशे वर्षं रोजच्या बोलण्यात निकाल म्हणून फिरतो आहे. तो कागद कुणी पाहिला, कुणाजवळ राहिला, अक्षर कुणाचं, हे विचारणारे आपल्यात थोडेच. गोष्ट किती घट्ट बसते, याचं मला यापेक्षा चांगलं उदाहरण माहीत नाही.

मग दोघांत फरक काय?

इतकं साम्य असेल तर इतिहास म्हणजे एक मोठी रहस्यकथाच, असं कुणी म्हणेल. इथे मात्र वाट फुटते.

रहस्यकथेचा लेखक शेवटाकडून सुरुवात करतो. खुनी कोण हे त्याला पहिल्या पानाआधी माहीत असतं. मग तो मागे येत येत खुणा पेरतो, तिफणीनं सारख्या अंतरावर बी टाकावं तशा. फुटलेला पेला, बंद पडलेलं घड्याळ, चिखल लागलेली वहाण: जे दिसतं ते उगवणारच, कारण पेरणारा तोच आहे. इतिहासकाराच्या वावरात कुणी पेरलेलं नसतं. शंभर खुणांतल्या नव्वदांना काही अर्थ नसतो, आणि जी एक हवी असते ती वाळवीनं खाल्लेली असते. शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून खुनी कबूल होतो, ते दृश्य त्याच्या वाट्याला येत नाही.

काटोल रोडवर नागपूरपासून जवळच जुनापाणीला जा. शेकडो शिळावर्तुळं आहेत, म्हणजे मोठ्या दगडांची रिंगणं. १८६७ मध्ये रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्यानं तिथे पहिल्यांदा खोदलं. जवळच माहुरझरीला अशाच वर्तुळांत माणसांसोबत पुरलेले घोडे मिळाले, तांब्याच्या साजासकट. नायकुंडला लोखंड वितळवायची भट्टी मिळाली. म्हणजे ही लोखंड घडवणारी, घोड्यांचा मान ठेवणारी माणसं होती, ख्रिस्तापूर्वी काही शतकं इथे राहत होती. पण त्यांची नावं? भाषा? ती एकमेकांना काय म्हणायची? तिथे एकही अक्षर नाही. एवढी प्रेतं आणि एकही नाव नाही, अशी रहस्यकथा कुठला प्रकाशक छापणार नाही. पुरातत्त्वाला तशीच ती पुढे ठेवावी लागते.

आणि कधी कधी उलटं होतं. रामटेकजवळ नगरधनला, म्हणजे वाकाटकांच्या जुन्या नंदिवर्धनला, गेल्या दशकातल्या उत्खननात मातीची एक छोटी मुद्रा मिळाली. तिच्यावर प्रभावतीगुप्ताचं नाव आणि शंख. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी नवऱ्यामागे मुलांच्या वतीनं राज्य चालवत होती, हे ताम्रपटांवरून माहीत होतंच. पण ताम्रपट दूरवर फिरतात. तिचा एक तर पुण्यात सापडला. नगरधनच्या मातीत तिचं नाव मिळालं तेव्हा कागदातली राणी जागेवर आली. माझ्या अंगावर त्या बातमीनं काटा आला होता.

इंग्लंडमध्येही असंच झालं. आपल्या दोन पुतण्यांना तिसऱ्या रिचर्ड राजानं मारलं का, या १४८३ मधल्या प्रकरणावर जोसेफिन टे हिनं १९५१ मध्ये एक कादंबरी लिहिली, त्यात दवाखान्यात पडलेला पोलीस अधिकारी खाटेवरूनच पुस्तकं मागवून तपास करतो आणि राजाला सोडवतो. २०१२ मध्ये लेस्टर शहरात गाड्या उभ्या करण्याच्या जागेखाली रिचर्डची हाडं मिळाली. पाठीचा कणा बाकदार होता हे कळलं, घाव कुठे बसले हे कळलं. पुतण्यांचं काय झालं हे हाडं सांगू शकली नाहीत. कादंबरीला निकाल देता आला. इतिहासाला प्रकरण उघडं ठेवावं लागलं.

"पण सगळा इतिहास कुणीतरी रचलेलीच गोष्ट असते ना?"

हा आक्षेप शिकलेली मुलं हटकून घेतात. खरं आहे, इतिहास माणसं लिहितात आणि माणसांना बाजू असते. पण गोष्ट रचणं आणि गोष्ट मांडणं यात एक फरक आहे, आणि तो तळटीपेत दिसतो. तळटीप म्हणजे पानाच्या तळाशी दिलेला आधार: हे मी कुठून घेतलं, तुम्ही जाऊन बघा.

गंमत अशी की रहस्यकथावाल्यांनीही असाच एक नियम स्वतःला घालून घेतला होता. १९३० मध्ये लंडनला त्यांचा डिटेक्शन क्लब निघाला. सभासदाला शपथ घ्यावी लागे की वाचकापासून मी महत्त्वाची खूण लपवणार नाही. वाचकासमोर पत्ते उघडे ठेवायचे, हे दोघांनाही मान्य आहे. ज्या लेखात किंवा भाषणात पत्ते बंद मुठीत असतात आणि फक्त निकाल जोरात सांगितला जातो, तो इतिहासही नव्हे आणि चांगली रहस्यकथाही नव्हे.

"गोष्टीतून पोरांना इतिहास कळत असेल तर काय बिघडलं?"

काही बिघडत नाही. मी तर म्हणते, लिहा. विदर्भावर तर लिहाच. पण लिहिणाऱ्यानं दोन कष्ट घ्यावेत.

पहिला कष्ट काळाचा. त्या काळात नसलेली वस्तू गोष्टीत आली की तिला कालविपर्यास म्हणतात. प्रभावतीगुप्ताच्या स्वयंपाकघरात मिरचीचा ठेचा चालणार नाही, मिरची पोर्तुगीज आल्यानंतरची. तिथे मिरी वाटा. १८१७ च्या नागपुरात आगगाडी आणू नका, ती १८६७ मध्ये आली. सोयाबीन तर आमच्या डोळ्यांदेखत आलं. आणि परसोजीच्या खोलीत कुणी बोटांचे ठसे शोधू लागला तर वाचकानं पुस्तक मिटावं. त्या काळच्या कागदावर न लिहिणारा कास्तकार अंगठाही करत नसे. तो नांगराचं चित्र काढायचा, "निशाणी नांगर" असं बाजूला लिहिलेलं असायचं. बलुतेदाराची निशाणी त्याच्या धंद्याचं हत्यार. तुमच्या गुप्तहेराला खोटी सही पकडायची असेल तर त्याला नांगर बघू द्या. शेती न करणाऱ्याच्या नावापुढे नांगर असेल, तर तिथून केवढी गोष्ट सुरू होते!

दुसरा कष्ट कबुलीचा. शेवटी एक पान द्या आणि सांगा, एवढं कागदात आहे, एवढं माझं आहे. परसोजीच्या उशाशी त्या रात्री कोण होतं हे लेखकानं खुशाल रचावं, तो त्याचा हक्कच आहे. पण दहा वर्षांनी तेच वाक्य कुणी भाषणात पुरावा म्हणून वापरलं, तर लेखकानं सांगायला हवं होतं असं मला वाटेल. सिनेमा पाहून आलेली मुलं वाचनालयात येऊन मला विचारतात, "बाई, हे असंच झालं होतं का?" त्यांना मी रागवत नाही. एवढा प्रश्न पडला तरी पुष्कळ झालं. अडचण न विचारणाऱ्यांची आहे.

"मेलेल्या माणसांचं उकरून आम्हाला काय करायचं?"

हा आक्षेप आमच्या पारावरचा आहे आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कपाशीला भाव नाही, तुरीवर अळी, आणि ही बाई परसोजी भोसल्याचं सांगते.

उत्तर त्या पोराच्या नकलेत आहे. ज्यांच्या आज्यापणज्यांना कुणी नाव लिहून ठेवण्याइतकं मोजलं नाही, त्यांनाच आज पुरावा मागितला जातो. राजाच्या मरणावर अहवाल निघाले. तुकाच्या पोराच्या जन्मावर दीड ओळ आहे. ती ओळही किती हातांतून आली बघा: सुईणीनं सांगितलं, कोतवालानं ऐकलं, त्याला बऱ्याचदा लिहिता येत नसे, मग लिहिणाऱ्यानं त्याच्या तोंडून ऐकून आपल्या अक्षरात उतरवलं. आईचं नाव कुणी विचारलंच नाही. अशा कागदांशी दोन हात करायचे तर माग काढता यायला हवा. तो कुणी उपजत शिकून येत नाही. रहस्यकथा वाचून पोरांना निदान शंका कशी घ्यायची हे कळतं, म्हणून मी ते झिजलेलं कपाट रद्दीत काढू देत नाही.

तुका वल्द गणू

त्या पोराला मी सांगितलं, एकाच नकलेवर भरवसा ठेवू नको. आजोबांच्या शाळेचा दाखल-खारीज, म्हणजे नावं घातल्या-काढल्याचं रजिस्टर, बघ. शेताची जुनी हक्कनोंद बघ, धुऱ्याला धुरा लागून कोण होतं ते बघ. आणि मृत्यूच्या नोंदीही बघ, आपल्याला नको असलेलं तिथेच सापडतं.

तीन आठवड्यांनी तो आला. सोबत तीन कागद. शाळेत आजोबांचं नाव मिळालं होतं, बापाचं नाव तुका, जन्मतारीख १ जुलै १९३८. हक्कनोंदीत तुका वल्द गणू, तेच वावर जे आजही यांच्या घरात आहे. पोरगा खुशीत असेल असं मला वाटलं. त्यानं तिसरा कागद पुढे केला. १९४० ची मृत्यूची नोंद: तुका वल्द गणू, जात कुणबी, तापानं मयत.

"आमचा तुका तर माहा बाप लहान होता तवाबी जिवंत होता," तो म्हणाला. "म्हंजे गावात दोन होते, बाई."

मग १९३८ साली मुलगा कुठल्या तुकाला झाला? दोघांनाही झाला असेल तर दुसरी नोंद कुठे आहे? १९३७ पासून १९३९ पर्यंतची सगळी पानं पाहावी लागतील. त्यातल्या एका वर्षाचं बुक कार्यालयात आहे, पण अर्धं वाळवीनं खाल्लेलं आहे, असं त्याला खिडकीवर सांगितलं गेलं. हा तिसरा कागद त्यानं कुणाला दाखवला नसता तर चाललं असतं, मागणाऱ्यानं तो मागितलाही नव्हता. त्यानं तो फायलीत वरच लावला होता.

वाचनालय बंद करायची वेळ झाली होती. त्यानं माझ्याकडून कोरा कागद मागितला, मधोमध रेघ मारली, एका बाजूला "तुका १" आणि दुसऱ्या बाजूला "तुका २" लिहिलं, आणि कुठली खूण कुणाची ते मांडायला बसला. मी दिवा चालूच ठेवला.